लांडगा उशिरा ओरडतो

साडू हे नातं देव देत नाही, सासरा देतो. माझ्या सासऱ्याला दोन मुली. थोरली त्यानं मला दिली, तिथं त्याची अक्कल संपली, आणि धाकटी त्यानं पोन्चोला दिली. पोन्चो अपिसाको गावच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. म्हणजे तो चालू कसा करायचा आणि बंद कसा करायचा ते सांगतो, आणि मधल्या वेळाचा पगार घेतो. पन्नाशीला आला, पण बोटावर सोल्डरचा एक चटका नाही. असल्या माणसाच्या हाती कुणी आपला पंखासुद्धा देऊ नये, आणि हा निघाला ओब्दुलियाच्या दुकानातलं मशीन जिवंत करायला!

मी कासिमिरो त्लापाले. किराणा दुकानांत, तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, गिरण्यांत, न्हाव्याकडं जी नाणं टाकून खेळायची मशीनं असतात, ती मी तेहतीस वर्षं दुरुस्त करतोय. लोक उस्ताद म्हणतात. का म्हणू नयेत?

सान रोकेची जत्रा नऊ दिवसांवर आली आणि आमच्या वस्तीतलं, ओब्दुलियाच्या किराणा दुकानातलं मशीन मेलं. विजेचा झटका आला, आतली मुख्य चिप करपली. ती चिप आता कुठंच मिळत नाही. मुखवटेवाल्या पैलवानांच्या मारामारीचा खेळ तो. जुना, घासून गुळगुळीत झालेला. पोरं आता त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. मेलं तर मेलं म्हटलं असतं, पण निकानोर होता ना.

निकानोर माझा कोंपाद्रे. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातावर धरलं होतं. तो बेकरीवाला. जत्रेचा गोड पाव त्याच्यासारखा कुणी करत नसे. अकरा वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्याचे डोळे नेले. भट्टी भावाकडं गेली. घरात त्याला कुणी सुरीसुद्धा हातात धरू देत नाही. दारात खुर्ची टाकून बसवतात आणि येणारा-जाणारा "बिचारा" म्हणून पुढं जातो. पण सान रोकेच्या रविवारी चार वस्त्यांतले लोक त्या मशीनपाशी रांग लावतात आणि निकानोर एकेकाला लोळवतो. नुसत्या कानांवर! समोरच्यानं पाय उचलला की कसला आवाज, उडी मारली की कसला, सगळं त्याला पाठ. तो कायम लांडग्याच्या मुखवट्याचा ओरडणारा पैलवानच घेतो. त्या एका दिवशी त्याला बिचारा म्हणायची कुणाची छाती होत नाही. वर्षाचे बाकीचे दिवस तो त्या एका दिवसावर काढतो.

तर त्या दिवशी ओब्दुलियाच्या दुकानात आम्ही चौघं बसलो होतो. मेलेलं मशीन भिंतीला टेकून उभं.

पोन्चो म्हणाला, "शाळेतला जुना कॉम्प्युटर पडलाय माझ्याकडं. त्यात इम्युलेटर टाकतो. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम असतो तो. खोक्यात बसवला की झालं."

"नक्कल!" मी म्हणालो. "ऐकलंत ओब्दुलियाबाई? साडूच्या तोंडूनच निघालं. सोंग आहे ते सोंग. बटण दाबायचं, मग कॉम्प्युटर विचार करणार, मग पडदा विचार करणार, मग लाथ बसणार. तोवर समोरचा जेवून येईल!"

"तो उशीर कमी करता येतो, उस्ताद."

"अन् मी आणतोय तो चिपवाला बोर्ड. त्यातली चिप जुन्या बोर्डाची तारन् तार स्वतःच होऊन बसते. कारखान्यातून निघाला तसाच्या तसा. ही नक्कल नाही. हा कबरीतून उठून आलेला लाझारो आहे. तुझा कॉम्प्युटर म्हणजे पांढरी चादर पांघरलेला नाटकातला नट!"

"लाझारो आमच्या गल्लीत राहत होता का, एवढं बघून घ्या म्हणजे झालं," पोन्चो म्हणाला. मला वाटलं, निरर्थक बोलतोय. त्याचं बहुतेक बोलणं तसंच असतं.

ओब्दुलिया मिरच्या निवडत होती. ती म्हणाली, "तुम्हा दोघांची लग्नापासूनची भांडणं माझ्या दुकानात नकोत. रविवारी चालू पाहिजे. निकानोर, तूच सांग बाबा, खेळणार तू आहेस."

निकानोरनं मान माझ्या बाजूला वळवली. "कोंपाद्रे म्हणेल ते. मशीनमधलं त्याला कळतं."

झालं! पोन्चोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी ग्वादालाहाराहून बोर्ड मागवला. स्वतःच्या खिशातून, हेही सांगून ठेवतो. बुधवारी आला, गुरुवारी दुपारी बसवला. चित्र असं स्वच्छ की ओब्दुलियानं देवाच्या तसबिरीसारखं पुसून घेतलं. माझी छाती फुगली. पोन्चो कोपऱ्यात शहाळ्याचं पाणी पीत उभा होता. त्याला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "याला म्हणतात काम!"

निकानोर बसला. समोर कुणीतरी हवं म्हणून तोर्तियाच्या गिरणीतली चेलो बसली. चेलोला लाथ कुठल्या बटणाला आहे हेसुद्धा धड ठाऊक नाही. हसत हसत, एप्रनला पीठ पुसत बसली.

आणि निकानोर हरला.

पुन्हा खेळला, पुन्हा हरला. त्याची उडी आधीच व्हायची, अडवायचा हात आधीच खाली यायचा. मोकळ्या हवेत लाथा मारत होता बिचारा. बघा, माझ्याही तोंडून निघालंच. तिसऱ्या वेळी दारातली माणसं हसायला लागली. चौथ्या वेळी चेलोच उठून उभी राहिली. "मला नाही खेळायचं," म्हणाली, आणि रडवेली होऊन गिरणीत गेली.

निकानोर दांड्यावर हात ठेवून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "कोंपाद्रे, लांडगा उशिरा ओरडतोय."

"काहीही काय! बोर्ड कारखान्यासारखा आहे. एका केसाचा फरक नाही."

"ओरडणंही जाड झालंय. सगळंच जाड आणि सुस्त वाटतंय."

आता इथं मी काय बोललो ते सांगायलाच हवं. नाही सांगितलं तर पोन्चो सांगेल, आणि मीठमसाला लावून सांगेल. चार माणसं बघत होती, साडू बघत होता, माझा नवा बोर्ड झळाळत होता. मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं! वय झालं कोंपाद्रे. मशीनला कशाला नावं ठेवतोस?"

त्यानं दांड्यावरचा हात काढला. उठला, भिंत चाचपत दारापर्यंत गेला. तिथं थांबून ओब्दुलियाला म्हणाला, "साखरेनं डोळे खाल्ले, आता कानांवर आलेली दिसतेय. रविवारी मला धरू नका." आणि गेला.

शुक्रवारी सकाळी मी जुना मेलेला बोर्ड टेबलावर घेतला. टाकण्याआधी त्यातलं कामाचं काढून घ्यावं, ही आमची सवय. उलटा केला, तर क्रिस्टलच्या पायांना सोल्डरचे दोन जाडजूड गोळे. क्रिस्टल म्हणजे बोर्डाच्या काळजाचा ठोका. त्याच्या ठोक्यावर सगळा खेळ चालतो. कारखान्यात असलं गबाळं सोल्डर कधी होत नाही. मी स्वतःशीच म्हणालो, कुठल्या गाढवानं केलंय हे? आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. गाढवाचा हात मी ओळखला.

सत्त्याण्णव साल. ओब्दुलियाचा नवरा फिदेन्सियो तेव्हा होता. तो म्हणायचा, उस्ताद, ही पोरं एका नाण्यात अर्धा तास खेळतात, काहीतरी करा. तेव्हा आम्ही सगळेच मेकॅनिक एक गोष्ट करायचो. क्रिस्टल काढायचा, जरा चढा, म्हणजे जास्त वेगाचा बसवायचा. खेळ पळायला लागतो, आवाज बारीक होतो, मारामारी लवकर संपते, नाणं लवकर पडतं. चित्र हललं तर पडद्याचा स्क्रू पिळून स्थिर करायचं. महिन्याला दहा मशीनं मी अशी पळवलीत. कोण लक्षात ठेवतो? आमच्या अख्ख्या वस्तीनं सत्तावीस वर्षं माझ्या त्या चढ्या क्रिस्टलवर मारामारी केली, आणि तोच असली खेळ असं समजून केली. मीसुद्धा!

म्हणजे माझा बोर्ड कारखान्याशी प्रामाणिक होता. पण तो कारखाना निकानोरनं कधी ऐकलाच नव्हता. त्याच्या कानांना काडीचं काही झालं नव्हतं. खोट होती माझ्या कामात, आणि वय मी त्याचं काढलं. थू माझ्या उस्तादीवर!

आधी मनात आलं ते काही चांगलं नव्हतं. गप्प बसावं. म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं, यात कुणाला नवल? जत्रा होईल, मशीन लोक विसरतील. असं मी चांगली पेलाभर कॉफी संपेपर्यंत बसून विचार केला. मग चिपचा बोर्डच पळवता येईल का ते पाहिलं. पण त्या चिपमधला वेग कुणीतरी लांब बसून लिहून ठेवलेला. सोल्डरनं बदलावं असं त्यात काहीच नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात तापलेली सोल्डरिंगची दांडी होती आणि ती लावायला जागा नव्हती.

पोन्चोच्या दारात उभं राहणं म्हणजे मला दात उपटून घेण्यासारखं. मेव्हणीनं दार उघडलं आणि आत ओरडली, "अहो, बघा कोण आलंय! पाऊस पडणार!"

मी सगळं सांगितलं. पोन्चो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला दोन शिव्या देता आल्या असत्या. त्यानं फक्त विचारलं, "चढा म्हणजे किती चढा?"

मी जुना क्रिस्टल त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं क्रिस्टलवरचा आकडा वाचला, गणित केलं आणि कीबोर्डवर एक संख्या टाकली. एक संख्या! एकशे आठ टक्के. खेळ सुरू झाला आणि लांडगा ओरडला, बारीक, चटकन. माझ्या अंगावर काटा आला. आवाजात थोडी चरचर होती. पोन्चो म्हणाला, "उशीर कमी केला की एवढी चरचर येतेच. चालेल?"

"ते मला विचारू नकोस," मी म्हणालो. "मला काय कळतं?"

निकानोर दारातल्या खुर्चीवर होता. मला वाटलं होतं, तार ढिली होती असं काहीतरी सांगून त्याला घेऊन जाऊ. सांगितलंही. तो म्हणाला, "नको रे. माझ्यासाठी कुणी मशीन सोपं करून ठेवायला नको. भावाला सांगितलंय, डॉक्टरकडं कान दाखवायला सोमवारी नेतोय."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. पायरीवर बसलो आणि खरं सांगितलं. क्रिस्टल, फिदेन्सियो, सत्तावीस वर्षं, सगळं. तुझे कान कारखान्यापेक्षा बरोबर आहेत, म्हणालो. चूक माझी.

त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं, लांडगा उशिरा ओरडतोय."

"हो."

"रात्रभर मी घरातलं घड्याळ ऐकत बसलो होतो. अजून ऐकू येतंय का, ते बघायला." एवढं बोलून तो उठून आत गेला.

रविवारी तो आला. रॉकेटं उडत होती, बँडवाले बेसूर वाजवत होते, आणि दुकानाच्या दारापासून चौकापर्यंत रांग. खोक्यात पोन्चोचा शाळेतला भंगार कॉम्प्युटर होता. माझा झळाळता बोर्ड माझ्या घरी कपाटात. निकानोरनं पहिला आवाज ऐकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "चरचर आहे. असू दे." मग त्यानं अकरा जणांना झोपवलं. शेजारच्या वस्तीतल्या खाटकाला तर एक ठोसासुद्धा मारू दिला नाही. चेलो इतकी ओरडली की तिचा घसा बसला. मीही ओरडलो. माणूस मी आहे की दगड?

संपल्यावर ओब्दुलियानं सगळ्यांना मोलेच्या, म्हणजे मसालेदार रश्शाच्या, ताटल्या दिल्या. दरवर्षी जेवण झालं की निकानोरला मीच घरी सोडतो. त्याचं संपलेलं बघून माझी भरली ताटली एका हातात धरूनच मी त्याच्यापाशी गेलो आणि कोपर पुढं केलं, त्याच्या बोटांना लागेल असं. त्यानं ते चाचपलं, ओळखलं, आणि हात काढून घेतला.

"पोन्चो," तो म्हणाला, "तू त्याच बाजूला राहतोस ना? चल."

पोन्चोनं माझ्याकडं पाहिलं. काय करावं ते त्या मूर्खाला कळेना. शेवटी त्यानं निकानोरचा दंड धरला आणि पोलिसानं चोराला न्यावं तसा त्याला पुढं ओढत निघाला. आंधळ्या माणसाला कसं न्यायचं, एवढीही अक्कल नाही. समोरून जत्रेसाठी आणलेला जनरेटरचा ट्रक उलटा येत होता.

"अरे गाढवा, सावकाश!" मी ओरडलो. "ट्रक येतोय! कोंपाद्रे, जपून!"

निकानोर थांबला. ट्रक जाऊ दिला. मागं न वळताच म्हणाला, "मला ऐकू येतं."

आणि ते दोघं गेले. मी तिथंच उभा होतो, हातातली ताटली थंड होईपर्यंत.