कुरडईवरची काळी लव

मित्रांनो, मी भीमराजच्या टेम्पोचा एक जुना ब्रेक पॅड. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला घट्ट दाबून गाडी थांबवायची, हेच माझं काम. माझ्या अंगातही लोखंडाचा चुरा असतो. नवा होतो तेव्हा चांगला बोटभर जाड होतो, आणि तोराही तेवढाच होता!

भीमराज चाकणच्या कंपन्यांत सुटे भाग पोचवायचा. एकदा नाशिक फाट्याशी एक दुचाकी आडवी आली. मी जीव खाऊन चकती धरली नि गाडी हातभर अलीकडे थांबली. "पॅडनं लाज राखली राव!" तो म्हणाला. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण झिजून झिजून माझा पापुद्रा उरला. भीमराजनं नवा पॅड बसवला आणि मला कासारवाडीच्या आपल्या खोलीवर आणलं. दारासमोरच सिग्नल. त्याची आई सोजरबाई दारात लुगड्यावर कुरडया वाळत घालायची. लुगडं उडू नये म्हणून तिनं मला कोपऱ्यावर ठेवलं. शेजारी धाकटा नातू समाधान ओली कुरडई चोखत बसायचा. म्हातारपणी कामाला आलो, बरं वाटलं.

एका दुपारी नात मिनलनं शाळेतला लोहचुंबक लुगड्यावरून गमतीनं फिरवला. त्याला काळी लव फुटली.

"आजी, हे काय गं?"

"धूळ हाय, दुसरं काय? तळली की जाती."

"अगं, हे लोखंड आहे!"

समोर गाड्या करकचून थांबत होत्या. जेवायला घरी आलेल्या भीमराजनं तिकडं बघितलं, मग मला उचलून उलटून पाहिलं. "आये, ह्याचा झिजलेला भाग गेला कुठं, ह्याचा मी कधी इचारच केला न्हाई."

मीही केला नव्हता, मित्रांनो. झिजलो म्हणजे संपलो, असंच मला वाटायचं. माझा आणि माझ्या भाईबंदांचा भुगा त्या पोराच्या तोंडात जात होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोजरबाईनं समाधानच्या हातातली कुरडई काढून घेतली. त्यानं भोकाड पसरलं. गहू भिजवण्यापासून तिनं एकटीनं केलेल्या त्या सगळ्या कुरडया तिनं घमेल्यात ओतल्या. "गुरांनाबी घालू नगा," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

आता कुरडया घरातच, पंख्याखाली वाळतात. दार रोज ओल्या फडक्यानं पुसलं जातं. भीमराज सिग्नल लांबून दिसला की वेग आधीच कमी करतो.

तुम्हीही मोठ्यांना तेवढं सांगा. उगाच सुसाट जाऊन करकचून ब्रेक दाबू नका म्हणावं. दर वेळी आमचा थोडा भुगा सुटतो, आणि कुणाच्या तरी दारात एखादं पोर जेवत बसलेलं असतं.