सुहासिनीचे उपवास आणि एक चौरंग

मी एक जुना चौरंग आहे. सागवानी, वीतभर उंच, चार पायांचा. माझा जन्म...

पण थांबा, मित्रांनो. जन्मापासून निघालो तर मी सरळ म्हातारा होत जाईन, आणि लाकूड तसं नसतं. लाकडात मध्येच गाठ येते. गाठ आली की मी थांबेन. तुम्हीही थांबा.

कल्याणच्या एका सुतारानं मला सुहासिनीच्या लग्नासाठी घडवलं. माझ्यावर बसून तिला हळद लागली आणि तिच्याबरोबर मी ठाण्याला, कोपरीत आलो. ओटी, डोहाळजेवण, भाऊबीज, वाढदिवस, ज्याला ओवाळायचं तो माझ्यावर. एरवी मी पलंगाखाली. तिथे ना सण असतो ना वार. केरसुणी तेवढी येऊन जाते.

तिचे गुडघे आखडले तेव्हा तिनं मला बाहेर काढलं. रोज माझ्यावर बसून ती भाजी निवडू लागली. माणसाचं दुखणं त्याच्या तोंडावर दिसायच्या आधी मला कळतं. गेल्या वर्षी ती एका बाजूला कलून बसू लागली. मग नुसती काठावर. मग उभ्यानंच भाजी चिरू लागली.

आणि तिनं उपवास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. पुढे शनिवारही आला.

"काकू, तुम्ही म्हणजे कमालच," शेजारची कांता म्हणाली. "मला एक एकादशी झेपत नाय. घरात कोणी वडे तळले की संपला माझा उपास."

"सवयीनं जमतं," सुहासिनी म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत आत गेली.

गाठ.

जे मला फार उशिरा कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. शौचाला जोर केला की तिच्या गुदद्वारातून आतलं काहीतरी मऊ, लालसर बाहेर येत होतं. सुरुवातीला ते आपोआप आत जाई. नंतर हातानं ढकलावं लागे. बाहेर कुठे असताना असं झालं तर? या भीतीनं ती देवळात जाईना, लग्नाला जाईना. खाल्लंच नाही तर जावंही लागणार नाही, म्हणून तिनं जेवण तोडलं आणि पाणीही. उपवास म्हटलं की कुणी कारण विचारत नाही. पण साबुदाणा, बटाटा आणि अर्धा पेला पाणी यांनी पोट आणखी घट्ट होई. मग जोर आणखी, आणि बाहेर येणंही आणखी. लोक तिच्या भक्तीचं कौतुक करत होते आणि ती वाळत चालली होती.

मग बायकांनी ठरवलं, काकूंच्या उपवासांचं उद्यापन करायचं. मला पुसलं, भोवती रांगोळी काढली. सुहासिनीला माझ्यावर बसवलं आणि एकेक जण ओटी भरू लागली. ती हसत होती. माझ्या फळीवर तिचे स्नायू थरथरत होते.

ती उठली तेव्हा माझ्यावर ओलसर, चिकट डाग होता. त्यात रक्ताची रेघ.

तिच्या सुनेनं, क्षिप्रानं, तो पाहिला. आणि ती चटकन माझ्यावर बसली. त्या डागावरच, नव्या पिवळ्या साडीनिशी.

"आता माझी ओटी भरा," ती म्हणाली.

"वा गं वा," कांता म्हणाली. "उपास सासूचे आणि ओटी तुझी?"

"खिचडी कोण करत होतं रोज?"

बायका हसल्या. क्षिप्रा शेवटची बाई जाईपर्यंत उठली नाही. मित्रांनो, माझ्यावर नवरे मुलगे बसले, नवऱ्या मुली बसल्या. पण असं कुणी बसलं नव्हतं.

दार लागल्यावर तिनं विचारलं, "आई, कधीपासून?"

"मूळव्याध आहे गं. सगळ्यांना असते."

"कुणाला दाखवलंत?"

सुहासिनी ओटीतले तांदूळ आवरू लागली.

"उद्या आपण दोघी जातोय. बाबांना मी सांगते."

दोघी डॉक्टरांकडून ऑपरेशन ठरवून परत आल्यावर त्र्यंबक, सुहासिनीचा नवरा, म्हणाला, "मूळव्याधीला एवढं ऑपरेशन कशाला?"

"बाबा, मूळव्याध नाहीये. आतड्याचा शेवटचा भाग जागा सोडून खाली घसरलाय."

"मला नाही कधी बोलली."

"काय बोलू?" सुहासिनी म्हणाली. "चहा घेता घेता?"

गाठ, पण छोटी. वय, बाळंतपणं, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ यांनी खालचे स्नायू सैल पडतात आणि आतडं खाली येतं. मूळव्याध वेगळी. डॉक्टरांनी तपासलं की फरक कळतो. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते. लहान मुलांत अनेकदा योग्य आहारानं भागतं, पण दाखवायचं त्यांनाही. बाहेर आलेलं आत जाईना किंवा काळंनिळं पडलं तर लगेच दवाखाना गाठायचा. सुहासिनीचं आतडं दुर्बिणीतून वर घेऊन कण्याच्या खालच्या हाडाजवळ टाक्यांनी पक्कं केलं. सैल सांधा पुन्हा बसवणं मला समजतं. माझेही दोन पाय तसेच बसवलेत.

ती घरी आली. डॉक्टरांनी भाकरी, पालेभाज्या, भरपूर पाणी सांगितलं होतं. कमोडवर बसताना पायांखाली उंचवटा घ्या, जोर करावा लागत नाही, असंही.

"प्लॅस्टिकचं स्टूल मागवते," क्षिप्रा म्हणाली.

"वीतभर उंच घरात आहे की."

"आई, तो हळदीचा चौरंग आहे."

"माझ्याच हळदीचा ना?"

आणि तिनं मला संडासात ठेवलं. खरं सांगू? मला वाईट वाटलं. एवढं ओवाळणं पाहिलं आणि शेवटी ही जागा. मग सकाळी तिचे दोन्ही पाय माझ्यावर टेकले. दार उघडून बाहेर पडली तेव्हा ती गुणगुणत होती. माझं वाईट वाटणं तिथेच संपलं.

मित्रांनो, शरीराचा जो भाग झाकलेला असतो तोही तुमचाच असतो. तो दुखला तर लाजू नका, सांगा. आणि घरचं कुणी सांगत असेल तर तोंड फिरवू नका, हसू नका, ऐका.

परवा कांता आली. "काकू, चौरंग द्या ना. सूनबाईचं डोहाळजेवण आहे."

"चौरंग संडासात आहे."

"काय सांगता?"

"बस. सगळं सांगते."

सुहासिनीनं आवाज खाली न आणता सगळं सांगितलं. दार उघडंच होतं, मी ऐकत होतो. उपवासांचं खरं कारणही सांगितलं. मला वाटलं, कांता आता काहीतरी टोमणा मारणार. पण तिनं आवाज एकदम खाली आणला.

"ते हातानं आत जातंय तोवर चालतं ना, काकू?"

सुहासिनी तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "तू कधीपासून ढकलतेस?"

कांतानं पदर तोंडाला लावला.

"रडू नकोस. चप्पल घाल. क्षिप्रा, खाली रिक्षा बघ गं."

मला न्यायला आलेली कांता मला न घेताच जिना उतरली. सुहासिनीनं तिचा हात धरला होता.