सिग्रिदचा पाळणा

मित्रांनो, आता मला बघून मी कोण हे तुम्हाला ओळखता यायचं नाही. हल्ली माझ्यात लोकरीचे गुंडे पडलेले असतात. पण मी पाळणा आहे. भूर्जाच्या लाकडाचा, छताला न टांगता जमिनीवरच झुलणारा. स्वीडनमधल्या वार्मलँडच्या जंगलात एस्किल नावाच्या तरुण सुताराने मला घडवलं, ते त्याच्या पहिल्या मुलीसाठी. तिचं नाव सिग्रिद. दात येताना तिने माझी कड चावली. त्या खुणा अजून आहेत.

सिग्रिद रांगू लागली त्या वर्षी गोठलेलं दंव पडून शेतातलं राय नावाचं धान्य करपलं. समुद्रापलीकडे स्वीडनच्या नव्या वसाहतीत नदीकाठी जमीन मिळते असं ऐकून एस्किल आणि त्याची बायको गुनिला निघाली. सामान गाडीवर चढलं आणि नेमका सिग्रिदच्या अंगावर गोवर उठला. असं मूल जहाजावर कोण घेणार?

गुनिलाची आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. पोर बरी झाली की पुढच्या जहाजाने धाडते. आणि पाळणा घेऊन जा. तुझ्या पोटात दुसरं आहे, त्याला लागेल. ही निजेल माझ्या कुशीत."

गुनिलाने सिग्रिदला उचलून आजीच्या मांडीवर ठेवलं. माझ्यातलं अंथरूण अजून गरम होतं. मला वाटतं, ती ऊब घेऊनच मी समुद्र ओलांडला.

नदीकाठी एस्किलने ओंडक्यांचं घर बांधलं आणि त्यात पेडर जन्मला. पण गुनिला त्याला माझ्यात ठेवीना. "ती जागा तिची आहे," म्हणायची.

"अगं, लाकडाला काय कळतंय कुणाची जागा?" एस्किल म्हणाला.

लाकडाला कळतं, मित्रांनो. पण लाकूड कुणाला नाही म्हणत नाही. शेवटी एस्किलनेच पेडरला माझ्यात निजवलं, मीही झुललो.

मग एक जहाज आलं. गुनिला केस विंचरून काठावर जाऊन उभी राहिली. सिग्रिद आली नाही, आजीचा निरोप आला, की पोर अजून अशक्त आहे, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप आलीच नाही. नदीवर आधी डचांचा झेंडा लागला, नंतर इंग्रजांचा. आमच्या देशाची जहाजं बंद झाली. किती दिवस तरी गुनिला नदीकडे तोंड करूनच मासे साफ करायची.

काही वर्षांनी तिला मुलगी झाली. आमच्या लोकांत गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवतात. एस्किल हळूच म्हणाला, "सिग्रिद ठेवू या का?"

"का? ते नाव रिकामं झालंय का?"

"गुनिला, इतकी वर्षं झाली. काही कळलं नाही..."

"मेली असंही कुणी कळवलं नाही ना? मग तिच्या अंगावरचं नाव ओढून काढायचा मला काय अधिकार? आधी पाळणा आणला तिचा, आता नावही घेऊ?"

एस्किल उठून बाहेर गेला आणि कितीतरी वेळ नुसतीच लाकडं फोडत राहिला. मुलीचं नाव मारिट ठेवलं. पुढे कुणी मुलं किती असं विचारलं, की गुनिला घरातल्या मुलांत एक मिळवून सांगायची. बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या. तिने पर्वा केली नाही.

ते माझे कामाचे दिवस होते. शेजारपाजारची बाळंही माझ्यात निजली. "एस्किलचा पाळणा कधी करकरत नाही," असं लोक कौतुकाने म्हणत. एस्किल गेला, मुलं मोठी झाली, पेडरने इंग्रज मुलगी केली. त्याच्या मुलाचं नाव सांगताना तो म्हणाला, "आई, इंग्रज म्हणतात आडनाव एकच ठेवा. हाही एस्किलसनच."

म्हातारी उसळली. "एस्किलसन म्हणजे एस्किलचा मुलगा. तो तू! हा तुझा, म्हणून हा पेडरसन. का तुझा बाप थडग्यातून उठून पोरं काढतोय?"

सगळे हसले, तीही हसली. पण नाव इंग्रजांच्या म्हणण्याप्रमाणेच राहिलं.

मग फार वर्षांनी स्वीडनहून नवे पाद्रीबुवा आले. त्यांच्या जहाजावर हाल्वार नावाचा खलाशी होता, वार्मलँडचा. गुनिलाला आता धड दिसत नव्हतं. तिने चाचपडत त्याची बाही धरली. "बाबा, परत जाशील तेव्हा एवढंच विचारून ये. माझी सिग्रिद जगली का?"

हाल्वार गेला. म्हातारी त्या उत्तरासाठी तग धरून राहिली असं घरातले म्हणत. एका उन्हाळ्यात तो परत आला आणि टोपी हातात घेऊन तिच्यासमोर बसला. मी तिच्या पायाशीच होतो, मारिटचा नातू माझ्यात निजला होता.

"आजी, जगली तुमची लेक. नवरा कोळशाच्या भट्ट्या लावायचा. आता नातवंडं आहेत तिला."

गुनिलाचा हात माझ्या कडेवर होता. तो थांबला. "माझ्याबद्दल काही बोलली?"

हाल्वार घुटमळला. "खरं सांगू? म्हणाली, आईचा चेहरा आठवत नाही. लहान होते तेव्हा फार राग यायचा."

"यायचाच. मग?"

"मग तिने आत हाक मारली. थोरल्या लेकीला. म्हणाली, 'गुनिला, पाहुण्याला ताक आण गं.'"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही. मग हळूच विचारलं, "आणलं तिने?"

"आणलं."

"गार होतं?"

"अगदी गार, आजी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मला पुन्हा झुलवू लागली.

पुढच्या वसंतात ती गेली. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. घरात स्वीडिश कुणाला येत नाही. मी माळ्यावर आलो, माझा एक पाय किडीने खाल्ला. कधी पाहुणे जमले की खाली पणतवंडं घराण्याची नावं सांगतात. एस्किल आणि गुनिला, मग पेडर, मग मारिट... मी वर ऐकत असतो, आणि पेडरच्या आधीची जागा रिकामीच राहते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, त्या बोलल्या नाहीत तरी ऐकत असतात. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या घरातली नावं सांगाल तेव्हा जे निघून आले त्यांच्याबरोबर जी मागे राहिली त्यांनाही मोजा. आणि आमच्या घरचं कुणी भेटलं, तर माझ्यासाठी एवढंच सांगा, की पेडर थोरला नव्हे. थोरली सिग्रिद.