दुकान वाढवा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, आणि मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणाला वाईट म्हटलं तर तुम्हाला माझ्या बोलण्याची किंमत करता येईल.

हिंगोलीच्या खेमा सुताराने मला सागवानी चौकट बसवली. माणूस टोपीपासून वहाणांपर्यंत दिसेल एवढा मी उंच. बंडोपंतांनी मला घेतलं ते नटण्यासाठी नव्हे. गावोगाव माल खपवणाऱ्या एजंटांना चार लोकांपुढे उभं राहून बोलायला शिकवायचं, असा वर्ग त्यांनी स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत काढला होता. कुणी नांगराचा एजंट, कुणी कापडाचा, कुणी साबणाचा. पंत प्रत्येकाला माझ्यापुढे उभं करायचे आणि म्हणायचे, "आधी या आरशाला माल विका, मग बाजाराला!"

काय दिवस होते ते! भाव सांगताना मान खाजवणारे, बोलताना छताकडे बघणारे, हात कुठे ठेवावे ते न कळून बंडीचा कोपरा चुरगळणारे, सगळे माझ्यापुढे सरळ झाले. पंतांच्या पत्नी गंगूताई कुंकू नीट करायला मधेच माझ्यापुढे यायच्या आणि जाता जाता एजंटाला एखादा शेरा मारायच्या. "एवढं ओरडू नका हो, गिऱ्हाईक बहिरं नाही." पंत वरवर रागवायचे, पण शेरा वहीत उतरवून घ्यायचे. मला वाटायचं, ही सगळी किमया माझी.

एकोणीसशे अडतीस साली तो आला. पत्र्याचा डबा, पोटात दिवा, पुढे काचेचा डोळा. काचेवर रंगवलेलं चित्र भिंतभर मोठं करून दाखवायचा. त्याला चित्रकंदील म्हणत. पंत तर पार वेडे झाले! भरदुपारी गोणपाटाचे पडदे लावून खोली अंधारी करायचे आणि एजंट त्या चित्रांच्या आधाराने बोलायचे. अंधारात कुणाचे हातवारे दिसणार? मला कोपऱ्यात ढकललं आणि माझ्या चौकटीला पडद्याची दोरी बांधली. धूर आणि अंधार, म्हणून गंगूताईही त्या खोलीत येईनाशा झाल्या. मी आतल्या आत जळत होतो. त्या डब्यातल्या दिव्यापेक्षा जास्तच.

त्या वर्षी साखऱ्याहून सोनाजी वर्गाला आला. कोरडवाहू रानाने पोट भरेना, म्हणून त्याला एका चहाच्या कंपनीची एजन्सी हवी होती. कंपनीची अट एकच होती. आखाडा बाळापूरच्या किराणा दुकानदारांनी चहा ठेवायला होकार दिला, तर एजन्सी त्याची. नाहीतर परत साखऱ्याला.

पंतांनी त्याच्यासाठी खास काच रंगवली. वाफाळता कप आणि खाली ठळक अक्षरं: "आमचा चहा ठेवा, दुकान वाढवा!"

भिंतीवरची ती अक्षरं माझ्यात उलटी उमटली. उलटं वाचायची मला सवयच, त्यामुळे एकेक अक्षर सावकाश लावत गेलो आणि चमकलो. मित्रांनो, आपल्याकडे दुकान बंद करणं असं कुणी म्हणत नाही. अशुभ वाटतं. दुकान 'वाढवतात'. पंतांना म्हणायचं होतं धंदा मोठा करा, आणि भिंतीवर लिहिलं होतं दुकानाला कुलूप लावा!

मला तोंड नाही. पण खरं सांगतो, असतं तरी त्या दिवशी मी ते उघडलं नसतं. कंदिलाची फजिती होणार म्हणून मला उकळ्या फुटत होत्या.

कंदील घेऊन बाळापूरला गेलेला सोनाजी चार दिवसांनी परत आला. तो खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला.

"काय झालं रे?" पंतांनी विचारलं.

"पुनमचंद शेठच्या दुकानात समदे जमले होते, पंत. अंधार पाहिजे म्हणून मी सकाळीच दारं लावून घेतली. चित्र दाखवलं. तर शेठ ताडकन उठला. म्हणला, 'बोहनी व्हायच्या आधी दुकान वाढवायला सांगून राहिला? नीघ इथून!' काहून चिडला तो? मी काय वाईट बोललो?"

आतून गंगूताई आल्या आणि कपाळावर हात मारला. "अहो, काय लिहिलंत हे! दारं लावून वर दुकान वाढवा? मला एकदा दाखवायचं तरी!"

पंतांचा चेहरा उतरला. मी मनात टाळ्या पिटत होतो. तेवढ्यात पंतांनी दोरी सोडली, मला उजेडात ओढलं आणि सोनाजीला माझ्यापुढे उभं केलं. तेव्हा त्याचा चेहरा माझ्यात आला. डोळे लाल, ओठ कोरडे.

"आठ दिवसांत होकार आणला न्हाई तर गेली एजन्सी," तो म्हणाला. "घरी काय सांगू?"

ज्या अपयशाची मी वाट बघत होतो, ते हे होतं. कंदिलाला काहीच झालं नव्हतं. तो खाली मजेत बसला होता. मला माझी लाज वाटली.

सहा दिवस गंगूताई पुनमचंद शेठ झाल्या आणि सोनाजी माझ्यापुढे बोलत राहिला. शेवटी तो कंदील न घेता गेला, दारं सताड उघडी ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, मागच्या बारीला मी तुमचं दुकान सकाळीच वाढवायला आलो होतो. चुकलं माझं. दिवसभर धंदा करा. सांजच्याला दुकान वाढवताना एक कप आमचा चहा घ्या. दिवसाची तकलीफ उतरते."

शेठ हसला. बाकीचेही हसले. होकार मिळाला.

परत येऊन सोनाजी पाया पडला तो गंगूताईंच्या. माझ्याकडे त्याने टोपी नीट करण्यापुरतं पाहिलं. आणि पंतांनी काय केलं? तीच काच पुसून लिहिलं, "दुकान वाढवताना एक कप!" आणि कंदील पुन्हा पेटवला. मी पुन्हा जळलो. सवय अशी एका दिवसात जात नाही.

पुढे पंत थकले, संस्थानातल्या शेवटच्या धामधुमीच्या दिवसांत वर्ग बंद पडला. आम्हा दोघांना एकाच अडगळीत ठेवलं, अगदी समोरासमोर. दहा वर्षं ज्याचं तोंड बघवत नव्हतं, तोच अहोरात्र माझ्या पोटात. परवा, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीची झाडलोट करताना त्याच्या डोळ्याची काच तडकून खाली पडली. गंगूताई हळूच म्हणाल्या, "वाढली गं बाई." बांगडी फुटली की म्हणतात ना, तसं. माझ्यात आता आंधळा डबा दिसतो आणि मला करमत नाही.

मित्रांनो, चार लोकांपुढे बोलायला जाल तेव्हा यंत्र न्या, चित्रं न्या, पण आधी घरातल्या एका माणसाला ऐकवून जा. जुन्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसा. आणि कधी माझाही दिवस भरला, तर 'फुटला' म्हणू नका. माझ्यासाठीही तोच शब्द वापरा.