सार्थकचे खिमट

अट जावयानेच, उत्तरेश्वरने, घातली होती. नव्या बायकोच्या, अक्षताच्या हातून सार्थक जेवला, तर रविवारी त्याला बंगलोरला न्यायचे. नाही जेवला, तर तूर्त आजोळीच राहू द्यायचे. मुक्ताबाईने ते ऐकले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

तिची एकुलती एक लेक शैला बाळंतपणात गेली, त्याला नऊ महिने झाले होते. तेव्हापासून सार्थक वारज्यात आजीच्याच मांडीवर वाढत होता. हिंजवडीच्या कंपनीत काम करणारा जावई दर शनिवारी येई आणि मुलाला घ्यावे की नुसते पाहावे, हे न कळून अवघडून बसे. आता त्याची बंगलोरला बदली झाली होती, आणि गेल्या महिन्यात त्याने दुसरे लग्न केले होते. लग्नाला मुक्ताबाईची ना नव्हती. तिशीतल्या माणसाने एकट्याने जन्म कसा काढायचा, हे तिला समजत होते. मूल मात्र द्यायचे नाही, एवढे तिने मनाशी धरले होते.

अक्षता वही उघडून ओट्यापाशी उभी राहिली. पहिलीचे माहेर तेच दुसरीचे माहेर, या रीतीने मुक्ताबाईला आई मानून ती म्हणाली, "आई, सांगा. मी लिहून घेते."

दारात बसलेले आप्पासाहेब बायकोला म्हणाले, "लिहून स्वयंपाक येत असता, तर तू अंगठेबहाद्दर उपाशी मेली असतीस."

"तुमी गप बसा," मुक्ताबाई म्हणाली. "घे गं. तांदूळ दोन वाट्या, मुगाची डाळ एक. धुवायचं, सावलीत वाळवायचं. मंद जाळावर येगयेगळं भाजायचं. मिक्सरमधनं काढायचं. पाण्यात शिजवायचं, वर तूप."

भाजून दळल्यावर ते मैद्याच्या चाळणीतून चाळायचे, हे तिने सांगितले नाही. चाळण फडताळात मागे सरकवली. कण्या जिभेला लागल्या की सार्थक घास थुंकून टाकतो, हे घरात तिलाच ठाऊक होते.

धुऊन वाळवलेले तांदूळ-डाळ घरात होतेच. अक्षताने ते मन लावून भाजले, दळले, शिजवले. फुंकर घालून पहिला चमचा दिला. सार्थकने तो थुंकला. दुसराही थुंकला. तिसऱ्याला मात्र कणी घशाशी गेली आणि त्याला ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. मुक्ताबाई जागची हलू शकली नाही. अक्षताने त्याला पटकन हातावर पालथे घेतले, पाठीवर थापट्या दिल्या. कणी बाहेर पडली आणि तो रडू लागला.

"माझंच चुकलं," अक्षता म्हणाली. "नीट शिजलं नसेल."

"राहू दे त्याला इथेच," उत्तरेश्वर सासूला म्हणाला. "मामी, तुमच्याकडेच बरा आहे तो."

जे हवे होते ते मिळाले होते. मुक्ताबाईने अक्षताकडे पाहिले. वाटीतले उरलेले खिमट चाखून आपले काय बिघडले, ते ती पोर शोधत होती. तिच्या खांद्यावरचा सार्थक हुंदके देत भुकेने स्वतःची मूठ चोखत होता.

"तुझं काय बी चुकलं न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "चाळाय लागतंय ते. म्या सांगितलं न्हाई."

मुक्ताबाईने फडताळातून चाळण काढली आणि उरलेले पीठ चाळायला घेतले. चाळणीवर कण्यांचा थर राहिला, तो तिने बाजूला केला.

"आता शिजव. घास जिभंच्या टोकाला न्हाई द्यायचा, जरा आत द्यायचा. त्यानं मान फिरवली की थांबायचं. बळजबरी न्हाई करायची."

"बरं, आई."

सार्थकने पहिला घास तोंडात घोळवला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडले. बघता बघता वाटी निम्म्याच्या खाली गेली. अक्षता त्याच्याशी काहीबाही बोलत होती आणि तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. मग त्याने मान फिरवली, तशी अक्षताने चमचा खाली ठेवला. अट पुरी झाली होती.

जेवण झाल्यावर ढेकर काढायला त्याला खांद्यावर घ्यायचे, म्हणून मुक्ताबाईने सवयीने दोन्ही हात पुढे केले. अक्षताने तोवर त्याला आपल्या खांद्यावर घेतले होते. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत उत्तरेश्वरकडे वळली होती. मुक्ताबाईने हात मागे घेतले आणि ते कोरडे असूनही पदराला पुसले.