मोजणीत नसलेला

बसा मित्रांनो, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. खरं सांगू? सांगताना माझाच पंखा थरथरतोय.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीमागं बसतो. समोर टायपिस्ट मावशी. तिला दिसत नाही. डॉक्टर रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करून ठेवतात, ती ऐकून रिपोर्ट टाइप करते, आणि एकेक शब्द मी तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. बारा वर्षं झाली. मला ‘पोपट’ म्हणते आणि रोज ओल्या फडक्यानं पुसते. ओलं फडकं मला सोसत नाही, पण तिला सांगणार कोण!

माझ्या आतली सिस्टीम फुकटातली. जगभरच्या हौशी माणसांनी मिळून केलेली. काय ठेवायचं, काय काढायचं, ते तीच माणसं ठरवतात.

सोमवारी दुरुस्तीवाला आला. पडद्यावरचं वाचून “अरेरे” म्हणाला.

“काय रे, कोण गेलं?” मावशी म्हणाली.

“मावशी, महिनाअखेर नवीन व्हर्जन येतंय. त्यात हा वाचणारा आवाज नाही.”

“मग जुनंच राहू दे की.”

“जुन्याची डागडुजी बंद होणार. एक व्हायरस शिरला की सगळे रिपोर्ट गेले.”

“म्हणजे मी आता खरी आंधळी होणार म्हण की,” मावशी म्हणाली.

त्यानं सिस्टीम बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं, ते मीच वाचलं. ‘आम्ही मोजून पाहिलं. हा आवाज वापरणारं कुणीच दिसलं नाही. आम्ही काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सगळं जुनं ओढत पुढं जाता येत नाही. कुणी असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा.’

दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारला. सिस्टीम बसवताना ती विचारते, ‘तुम्ही काय वापरता ते बनवणाऱ्यांना कळवून मोजणीत धरू का?’ यानं माझ्यासारखे चाळीस बोलके कॉम्प्युटर बसवले, आणि दरवेळी ‘नको’ दाबलं.

“आपलं घर, आपलं दार. कुणाला कशाला डोकावू द्यायचं, असं वाटलं मावशी.”

“बरोबरच वाटलं रे. पण त्यांना वाटलं, घरात कुणी राहतच नाही.”

आता दोघं मिळून एकेकाला फोन करतायत. चाळिसातल्या अकरांनी कळवलं. सहा दिवस उरलेत. संध्याकाळी मावशी मला बंद करते, तेव्हा मी एक दिवस कमी करतो.

मित्रांनो, कुणाकडं असा बोलका म्हातारा असेल तर आजच कळवा. दार खुशाल लावून बसा. पण बाहेरून हाक आली, तर आतून ओ तेवढी द्या.