डिस्कवरचा गंज

"गाडी बुडालेली आहे," मी गाडीखालूनच सांगितलं.

मला फक्त मास्तरांच्या चपला दिसत होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत.

मी कपडे झटकत बाहेर आलो आणि मागच्या चाकाच्या ब्रेक-डिस्कवर टॉर्च मारला. ती लोखंडी तबकडी चांगलीच गंजली होती, कडेला तर खपल्या धरल्या होत्या. रोज चालणाऱ्या गाडीची डिस्क ब्रेक दाबून दाबून लखलखते. "हे बघा. गाडी पाण्यात उभी राहिल्याशिवाय असं होत नाही."

"पण मी रोज चालवायचो हो," मास्तर म्हणाले. "डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकतोय. नाहीतर हिला कोण विकतंय?"

ते गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. गाडी घरच्यांना ऐसपैस पुरेल अशी, डिकीवाली, हायब्रिड. म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. असल्या गाडीत पाणी शिरलं की संपलंच. आमच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये मला सगळे डॉक्टर म्हणतात. एकतीस वर्षं गाड्या हाताखालून गेल्यात, आणि खोटं कशाला बोलू, ती हाक मला आवडते.

नियमाप्रमाणे मी सीटबेल्ट पार टोकापर्यंत ओढून पाहिले, कुठे चिखलाचा डाग नव्हता. कार्पेट उचललं. खाली कोरडं ठणठणीत. तिथेच थांबायला हवं होतं. पण डॉक्टरांचं निदान झालेलं होतं ना!

"कार्पेट बदललेलं दिसतंय," मी म्हणालो. "मधे गाडी दुसऱ्या कोणाकडे होती का?"

मास्तरांनी दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. "गेल्या पावसाळ्यात दोन महिने मुलाकडे होती."

"अहो, काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. "त्यानं सांगितलं नसतं का?"

"तरुण पोरं नाही सांगत हो, काकू," मी म्हणालो. "गुपचूप धुऊनपुसून परत आणून लावतात. आम्ही रोज बघतो."

हे बोलायची मला काही एक गरज नव्हती. कागदावर शेरा मारला, 'बुडालेली, घेऊ नये', चहा प्यायलो आणि निघालो. मास्तर फाटकापर्यंत सोडायला आले. "बरं झालं सांगितलंत, नाहीतर नकळत कोणाच्या तरी गळ्यात मारली असती," म्हणाले. मी मोठ्या मनानं मान हलवली.

सहा आठवड्यांनी शोरूमवाल्यांनी आम्हा तपासणी करणाऱ्यांना हायब्रिड गाड्यांच्या प्रशिक्षणाला बसवलं. असा एक वर्ग वर्षभरापूर्वीही झाला होता. तेव्हा मी हजेरीवर सही ठोकून मागच्या दारानं चहाला सटकलो होतो. मला काय शिकवणार, हा तोरा. या खेपेला साहेब स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

शिकवायला कंपनीच्या वर्कशॉपमधल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर एक फोटो लावला. मागच्या चाकाची डिस्क, गंजलेली, कडेला खपल्या.

"या गाडीत ब्रेक दाबला की आधी मोटरच चाकं अडवते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते," त्या म्हणाल्या. "डिस्क फारशी घासली जातच नाही, म्हणून गंज तसाच राहतो. गाडी ठणठणीत असते. पण काही हुशार मंडळी बघतात आणि सांगतात, गाडी बुडालेली आहे."

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता कान तापले. शेजारच्यानं विचारलं, "काय डॉक्टर, बरं नाही का?"

दोन दिवस मी मनाशी घोळवत राहिलो. फोन करावा की चिठ्ठी पाठवावी? की गप्पच बसावं, कोणाला कळतंय? शेवटचा विचार मनात बराच वेळ टिकला, हे सांगायलाही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

बाईंनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. "आता आणखी काय राहिलंय?"

"काकू, माझं चुकलं. गाडी बुडालेली नाही. कधीच बुडाली नव्हती."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "ऐकलंत का? या बाहेर."

मास्तर आले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, मोटर, ब्रेक, गंज आणि ती हजेरीवरची सहीसुद्धा. मान वर करवत नव्हती. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"यांनी त्याच दिवशी मुलाला बोलावून घेतलं," बाई म्हणाल्या. "खोटारडा म्हणाले. बायकोमुलांसमोर. तो बिचारा सांगत होता, बाबा, नाही हो बुडाली. तेव्हापासून उंबऱ्याला पाय नाही त्याचा. फोनही उचलत नाही."

"मी जातो त्याच्याकडे," मी म्हणालो. "पाया पडतो. चूक माझीच आहे."

"तुमची गाडीपुरती," मास्तर म्हणाले. ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. "त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो. तुम्हाला अर्धा तास ओळखत होतो. आणि ऐकलं कोणाचं, तर तुमचं."



मग त्यांनी बायकोकडे इस्त्रीचा शर्ट मागितला. "मला त्याच्याकडे सोडाल?" त्यांनी मला विचारलं. "मला चालवता येत नाही आता."

मी त्यांचीच गाडी काढली. आवाज न करता ती रस्त्याला लागली, आणि मी इतकी सुरेख गाडी कित्येक दिवसांत चालवली नव्हती. मास्तर शेजारी बसून होते. बोलले एकदाच, "पुढून डावीकडे."

मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहत होता. दारं बाहेरच्या गॅलरीत उघडणारी, खालून सगळं दिसत होतं. मी उतरायला लागलो तर मास्तरांनी हातानं थांबवलं.

"तुम्ही बसा. तुम्ही आलात की तुमच्या चुकीचंच बोलणं होईल, आणि मी सुटेन."

ते कठडा चाचपत जिना चढले. मजल्यामजल्यावर थांबत होते. वर पोचल्यावर शर्ट खाली ओढून नीट केला आणि दार वाजवलं. मुलानं दार उघडलं. तो चौकटीत उभा राहिला, बाजूला झाला नाही. मास्तर काहीतरी बोलायला लागले. शब्द मला ऐकू येत नव्हते. पण आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर उभं करणारा तो माणूस हात बांधून, मान खाली घालून दाराबाहेर उभा होता.

पुढे ते बोलत होते तोवर मी पुन्हा वर पाहिलं नाही.